यादी बाजूला ठेव, आधी टेबलाशी बस

अगं, तुझी यादी मिळाली. जाऊबाईंना परफ्यूम, नणंदेच्या मुलींना चॉकलेटं, ऑफिसातल्या सगळ्यांना फ्रिजला लावायचे मॅग्नेट, सासूबाईंच्या भजनी मंडळाला ‘काहीतरी छोटंसं’, सोसायटीतल्या शेजारणी, धुण्याभांड्याच्या मावशी. सगळ्यांची आठवण ठेवलीयस, तुझं स्वतःचं नाव मात्र त्यात कुठेच नाही. आणि खाली लिहिलंयस, ‘व्हिएन्नात जेवणाचं फारसं बघायला नको ताई, दशम्या, चिवडा, उपम्याची पाकिटं घेतोच आहोत, खोलीत किटली असेलच.’

त्या ओळीपाशी मी अडले, म्हणून हे सगळं लिहायला बसलेय. सावकाश वाच, आणि सासूबाईंनाही वाचून दाखव.

इथे राहायला आल्यापासून आपल्याकडच्या कितीतरी बायका मी या शहरात पाहिल्या. बहुतेकींचा हिशेब एकच असतो. तिकीट महाग, हॉटेल महाग, प्रत्येक किंमत मनात शंभराने गुणायची, मग खाण्यात पैसे वाचवायचे आणि वाचलेल्या पैशांतून घरच्यांसाठी पिशव्या भरायच्या. दिवसभर दुकानं पालथी घालायची आणि संध्याकाळी हॉटेलच्या पलंगावर बसून चिवडा खायचा. मला वाटतं तू हा हिशेब उलटा करावास. यादी अर्धी कर, आणि उरलेल्या पैशांत रोज एकदा तरी नीट टेबलाशी बसून खा. व्हिएन्ना दुकानांच्या काचांमधून फारसं कळत नाही. एका कॉफीवर तासभर बसलीस तर कितीतरी जास्त कळेल.

पहिल्यांदा कॉफीहाउसचंच सांगते, कारण तिथे जायला आपल्या बायका सगळ्यात जास्त बिचकतात. उंच छत, संगमरवरी टेबलं, काळ्या कोटातले वेटर, लाकडी दांडीला अडकवलेली वर्तमानपत्रं, हे सगळं बघून दारातूनच परत फिरतात. तू फिरू नकोस. ही बसण्याची पद्धत इथल्या लोकांना इतकी मोलाची वाटते, की २०११ साली ऑस्ट्रियाने युनेस्कोच्या करारानुसार केलेल्या अमूर्त वारशाच्या यादीत व्हिएन्नाच्या कॉफीहाउसची नोंद केली. साध्या कॉफीहाउसमध्ये आत गेल्यावर ‘ग्र्यूस गोट’ म्हणायचं आणि रिकामं टेबल बघून सरळ बसायचं. ‘रेझर्व्हिअर्ट’ अशी पाटी ठेवलेलं टेबल मात्र दुसऱ्या कोणाचं असतं. दारात रांग असेल किंवा ‘थांबा’ अशी खूण असेल, तर अर्थातच थांबायचं.

नुसतं ‘कॉफी’ मागितलंस तर वेटर विचारेल, कोणती? आपल्या जिभेला मेलांज आवडते, अर्धी कॉफी, अर्धं गरम दूध आणि वर फेस. आइनश्पेनर म्हणजे काचेच्या पेल्यात काळी कॉफी आणि वर भरपूर फेटलेली साय. क्लाइनर ब्राउनर म्हणजे छोटा कडक कप आणि सोबत थोडं दूध. कॉफी धातूच्या छोट्या तबकातून येते आणि तिच्याबरोबर पाण्याचा पेला येतो. या पाण्याचे वेगळे पैसे नसतात. आणि ते पाणी बिनघोर पी. १८७३ सालापासून या शहराला राक्स आणि श्नेबेर्ग या डोंगरांतल्या झऱ्यांचं पाणी येतं. १९१० साली होखश्वाब डोंगराकडून दुसरी वाहिनी आली. नळाला जे येतं ते हेच पाणी. रस्त्यांवर आणि बागांमध्ये पिण्याच्या पाण्याचे नळ जागोजागी आहेत. एक रिकामी बाटली घरून आण आणि भरत राहा. विकतच्या पाण्यावर पैसे घालवायचं इथे काही कारणच नाही.

आता महत्त्वाचं. कॉफी ठेवून वेटर गेला की तो पुन्हा फिरकणार नाही, आणि बिलही आणून ठेवणार नाही. आपल्याला वाटतं आपल्याकडे दुर्लक्ष झालं, आपण परदेशी म्हणून असं वागवलं. तसं काही नसतं. न मागता बिल आणणं म्हणजे पाहुण्याला उठवणं, अशी इथली समजूत आहे. एका मेलांजवर तू दोन तास बसलीस तरी कोणी भुवई उंचावणार नाही. निघायचं झालं की वेटरकडे बघून ‘त्सालेन, बिटे’ म्हण. काही वेटर थोडे रुक्ष बोलतात. ती इथली जुनीच रीत आहे, त्याने मन छोटं करून घेऊ नकोस.

कुठे जायचं? १८७६ साली सुरू झालेलं कॅफे सेंट्रल फोटोत फार देखणं दिसतं आणि आत आहेही तसंच, पण दुपारी बाहेर लांब रांग असते. सासूबाईंना उन्हात उभं करू नकोस. जायचंच असेल तर सकाळी लवकर जा, नाहीतर आधी टेबल राखून ठेव. मी तुला श्पेर्लला पाठवेन. गुम्पेनडॉर्फर रस्त्यावरचं, १८८० सालचं, जुनी लाकडी जमीन, बिलियर्डची टेबलं, खिडकीशी मऊ बाकं. मारियाहिल्फर रस्त्यावरची खरेदी आणि नाशमार्क्टचा बाजार या दोन्हींपासून चालत जाण्याजोगं. आणि एखाद्या रात्री डोरोथेअरगासेतल्या हावेल्कात जा. लेओपोल्ड आणि योझेफिन हावेल्का या नवराबायकोने १९३९ साली ते सुरू केलं. आलुबुखाराच्या दाट जॅमने भरलेले, भट्टीतून गरम निघालेले बुख्टेल नावाचे पाव ही योझेफिनबाईंच्या हातची खासियत होती. आजही ते रात्री आठनंतरच मिळतात.

झाखर टॉर्टबद्दल तू विचारलंस. खा, पण तिघांत एक. १८३२ साली फ्रान्झ झाखर नावाच्या सोळा वर्षांच्या शिकाऊ आचाऱ्याने चॅन्सेलर मेटरनिखसाठी हा केक केला असं सांगतात. त्याच्या मुलाने पुढे १८७६ साली हॉटेल झाखर काढलं. ‘मूळ’ केक कोणाचा यावरून हॉटेल झाखर आणि डेमेल ही मिठाईची पेढी यांच्यात वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या चालल्या आणि १९६३ साली तडजोड झाली. हॉटेलच्या केकमध्ये जर्दाळूच्या जॅमचा एक थर मधोमध असतो आणि एक वरच्या चॉकलेटखाली. डेमेलच्या केकमध्ये जॅम फक्त चॉकलेटखाली. हा केक आपल्याकडच्या क्रीमच्या केकसारखा ओलसर नसतो, थोडा कोरडाच असतो. म्हणूनच त्याच्याबरोबर बिनसाखरेची फेटलेली साय देतात. ती बाजूला सारू नकोस, प्रत्येक घासाबरोबर खा, मग तो केक कळतो. मला विचारशील तर डेमेलमध्ये काचेपलीकडे आचारी काम करताना दिसतात, सासूबाईंना ते बघायला जास्त आवडेल.

सासूबाईंच्या खाण्याची तुला काळजी आहे, हे जाणते मी. शाकाहारी, आणि अंडंही नाही. तर ऐक, इथल्या मेनूकार्डावर पदार्थांच्या नावांपुढे छोटी अक्षरं छापलेली असतात, ए, सी, जी अशी. ती ॲलर्जीची खूण आहे, युरोपच्या नियमानुसार दिलेली. सी म्हणजे अंडं, जी म्हणजे दूध, डी म्हणजे मासे, एच म्हणजे सुकामेवा. सी दिसलं की सासूबाईंसाठी तो पदार्थ वगळायचा, इतकं सोपं. अक्षरं छापलेली नसली तर वेटरला विचार, ही माहिती देणं त्यांना बंधनकारक आहे.

पण ही अक्षरं मांसाबद्दल काहीच सांगत नाहीत, आणि फसगत नेमकी तिथेच होते. भाजीचं दिसणारं सूप बऱ्याचदा गोमांसाच्या पाण्यात उकळलेलं असतं. फ्रिटाटेनझुपे नावाच्या सुपात धिरड्यांच्या पट्ट्या तरंगताना दिसतात, पण खालचं पाणी गोमांसाचं असतं. बटाट्याच्या सुपात, कोबीत, कधी सॅलडमध्येसुद्धा डुकराच्या मांसाचे छोटे तुकडे घालतात, त्याला श्पेक म्हणतात. बटाट्याच्या सॅलडलाही पुष्कळदा तेच मांसाचं पाणी लावलेलं असतं. तेव्हा ‘व्हेजिटेरियन आहे का’ एवढंच विचारून थांबू नकोस. ‘ओने फ्लाइश, ओने श्पेक, ओने रिंडझुपे’ असं स्पष्ट म्हण, म्हणजे मांस नको, श्पेक नको, गोमांसाचं सूप नको. आणि अंड्यासाठी ‘ओने आय’. एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेव आणि वेटरला दाखव. तो मनापासून वाचतो, आत जाऊन विचारून येतो. संकोच अजिबात करू नकोस. इथे शाकाहारी, व्हीगन माणसं खूप आहेत, असले प्रश्न त्यांना रोज येतात.

अंडं न खाणाऱ्यांनी आप्फेलश्ट्रुडेल जरूर विचारून बघावा. त्याची पारंपरिक पोळी मैदा, तेल आणि पाण्याची, वर्तमानपत्र वाचता येईल इतकी पातळ ताणलेली, आत सफरचंद, बेदाणे, दालचिनी. काही ठिकाणी वरून अंडं लावतात, म्हणून अक्षर तपासायचंच. टॉप्फेनश्ट्रुडेल, म्हणजे चक्क्यासारख्या ताज्या चीजचा, त्यात मात्र अंडं असतं. काइझरश्मार्न तर अंड्यांचाच. तू अंडं खातेस, तेव्हा तो तू घे. जाड धिरडं तव्यावरच तोडून, वर पिठीसाखर आणि आलुबुखाराचा गोड गर. दुपारचं अख्खं जेवण होतं ते, ‘नंतर गोड म्हणून’ मागवलंस तर उठवणार नाही. तू मे महिन्यात येतेयस, म्हणजे पांढऱ्या शतावरीचा हंगाम. प्रत्येक ठिकाणी तिची वेगळी पाटी लागलेली असेल. लोण्याबरोबर मागव आणि सोबत उकडलेले बटाटे. हॅम नको हे आधीच सांग, आणि सासूबाईंसाठी पिवळं हॉलंडेझ सॉसही नको, त्यात अंडं असतं. चतुर्थी मध्ये येत असेल तर बटाटे, दही, स्ट्रॉबेरी बाजारात मुबलक आहेत. साबुदाणा आणि भगर तेवढी घरून घे.

तुझा नवरा मांसाहार करतो पण गोमांस खात नाही, हेही माझ्या लक्षात आहे. मग त्याला आधीच सांगून ठेव, की इथलं जगप्रसिद्ध विनर श्निट्झेल वासराच्या मांसाचं असतं. ते नाव वासराच्या मांसालाच देता येतं. डुकराचं असेल तर तसं लिहावं लागतं. टाफेलश्पिट्झ गोमांस, गुलाश बहुतेक गोमांस. काल्ब, रिंट हे शब्द दिसले की पुढे सरकायचं. केझेक्राइनर या नावात चीज असलं तरी तो चीज भरलेला डुकराच्या मांसाचा सॉसेज आहे. त्याच्यासाठी बाकहेंडल उत्तम, कुरकुरीत तळलेली कोंबडी. किंवा फोरेले आणि त्सांडर हे नदी-तळ्यातले मासे. आपल्या लोकांना हे कोणी आधी सांगत नाही आणि मग ताटात आल्यावर मनाला लागून राहतं, म्हणून इतकं फोड करून सांगितलं.

पैशांचं एक. सोमवार ते शुक्रवार दुपारी बऱ्याच जागी ‘मिटाग्समेन्यू’ असतं. एक सूप किंवा सॅलड, एक मुख्य पदार्थ, ठरावीक दरात. त्याच ठिकाणी रात्री खाल्लंस तर बरेच जास्त पैसे लागतील. बाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं आणि दोन-अडीच वाजता संपतं. तेव्हा मोठं जेवण दुपारी करा आणि रात्री तुझ्या दशम्या खोलीत खा, त्याला माझं काही म्हणणं नाही. रात्री नऊनंतर जेवायला निघण्याची आपली सवय इथे चालत नाही, नऊ-साडेनऊला स्वयंपाकघरं बंद होऊ लागतात. टेबलावर ठेवलेली पावाची परडी फुकट समजू नकोस, खाल्लेल्या प्रत्येक पावाचे पैसे लागू शकतात. नळाचं पाणी ‘लाइटुंग्सवासर’ म्हणून माग. काही रेस्टॉरंटं त्याचे थोडे पैसे लावतात, तसं मेनूत लिहिलेलं असतं.

टिपेबद्दल. इथे ती टेबलावर ठेवून निघायची नसते. बिल सत्तावीस युरो चाळीस सेंट झालं असेल, तर पैसे देतानाच ‘ड्राइसिश’ म्हणायचं, म्हणजे तीस घ्या. पाच ते दहा टक्के पुरे. कार्ड वापरणार असशील तर मशीनवर आकडा टाकण्याआधी बोल. ‘त्सुझामेन?’ असं विचारलं तर सगळ्यांचं एकत्र का, एवढाच त्याचा अर्थ. आणि थोडी रोकड जवळ असू दे. छोट्या जुन्या जागी अजून कार्ड घेत नाहीत, स्वच्छतागृहांतही सुटी नाणी लागतात. कार्डाच्या मशीनने ‘युरो की रुपये’ असं विचारलं तर कायम युरोच निवड. रुपये निवडलेस की रुपयाचा भाव मशीनवाला ठरवतो आणि तो तुझ्या बँकेच्या भावापेक्षा वाईट असतो.

आता खरेदी. आधी कॅलेंडर उघड. रविवारी व्हिएन्नातली दुकानं बंद असतात. कपड्यांची, भेटवस्तूंची, किराणामालाची, जवळजवळ सगळी. कायद्यानेच आठवड्याच्या दिवशी रात्री नऊनंतर आणि शनिवारी संध्याकाळी सहानंतर दुकान उघडं ठेवता येत नाही, आणि बरीचशी त्याच्याही आधी बंद होतात. त्यात मे-जूनमध्ये सुट्ट्यांची रांग असते. एक मे, ख्रिस्तारोहणाचा गुरुवार, पेंटेकॉस्टचा सोमवार, कॉर्पस ख्रिस्टीचा गुरुवार, या सगळ्या दिवशी दुकानं बंद. शनिवारी संध्याकाळीच दूध, दही, फळं आणून ठेव. अडलंच तर हाऊप्टबानहोफ, प्राटरस्टर्न अशा मोठ्या स्टेशनांतली सुपरमार्केटं रविवारीही उघडी असतात, पण गर्दी भयंकर असते. कापडी पिशवी विसरू नकोस. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०२० पासून बंदी आहे. आणि २०२५ पासून पेयांच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि धातूचे डबे यांवर पंचवीस सेंट अनामत घेतात. रिकामी बाटली सुपरमार्केटातल्या यंत्रात टाकलीस की ती परत मिळते. चेपू नकोस, चेपलेली घेत नाहीत.

दुकानात शिरताना नमस्कार आणि निघताना निरोप, ही इथली मोठी गोष्ट आहे. न बोलता आत शिरून वस्तू उचलायला लागलं की दुकानदारीण कपाळाला आठ्या घालते. ‘ग्र्यूस गोट’ म्हटलंस की तीच बाई शेल्फवरून चार वस्तू काढून दाखवते. फळांच्या गाडीवर स्वतः हात लावून निवडू नकोस, बोट दाखव. नाशमार्क्टमध्ये जा, फिरायला सुंदर आहे. ऑलिव्ह, मसाले, सुकामेवा, फलाफल, ताजा पाव. पण तिथे चव बघायला म्हणून हातावर देतात आणि भाव शंभर ग्रॅमचा लिहिलेला असतो. त्याकडे लक्ष न दिल्यास भलामोठा पुडा बांधला जातो. इथे वजन ‘डेका’त सांगतात, दहा डेका म्हणजे शंभर ग्रॅम. ‘त्सेन डेका, बिटे’ म्हण आणि पुढे ढीग वाढायला लागला तर हाताने थांबव. घेतलेल्या चवीचं कसलंही ओझं बाळगू नकोस. रोजच्या फळं-भाज्यांसाठी ओटाक्रिंगमधला ब्रुनेनमार्क्ट स्वस्त आणि जिवंत. तुर्की दुकानदार, आपल्यासारखी घासाघीस नाही पण गप्पा भरपूर. सासूबाईंना कोथिंबीर, मिरच्या, टोमॅटो बघून घरी आल्यासारखं वाटेल.

शनिवारी सकाळी नाशमार्क्टच्या टोकाला, केटेनब्र्यूकेनगासे स्टेशनाशी, जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. १९७७ पासून तो इथे भरतोय. जुने चमचे, काचेचे पेले, पोस्टकार्डं, बटणं, लेस. इथे भाव करायचा असतो, तेव्हा तुळशीबागेतलं तुझं सगळं कसब वापर. आणि वेळ काढून डोरोथेउममध्ये जा. सम्राट योझेफ पहिला याने १७०७ साली ही गहाणवटीची पेढी सुरू केली. आज ते मोठं लिलावघर आहे. आत फिरायला तिकीट नाही. राजवाड्यासारख्या दालनांत चित्रं, घड्याळं, दागिने मांडलेले असतात आणि काही भागात ठरावीक किमतीच्या वस्तू लिलावाशिवायही विकत मिळतात. कोणत्या घरातून कोणत्या कारणाने ती अंगठी इथे आली असेल, असा विचार करत मी तिथे कितीही वेळ फिरू शकते. माझ्या मते ग्राबेनवरच्या महागड्या दुकानांपेक्षा इथला एक तास फार मोलाचा आहे.

तुझ्या यादीसाठी माझी सूचना. मॅग्नेट आणि परफ्यूम काढून टाक. परफ्यूम तुला मुंबई विमानतळावरही मिळेल, आणि मॅग्नेटचं पुढे काय होतं ते आपल्या दोघींनाही ठाऊक आहे. ऑफिस, शेजारणी आणि भजनी मंडळ, सगळ्यांसाठी मानरचे वेफर घे. गुलाबी पाकीट, त्यावर सेंट स्टीफन्स कॅथेड्रलचं चित्र. योझेफ मानर यांनी १८९० साली कंपनी काढली आणि हेझलनटचं हे वेफर १८९८ सालचं. मूळ चवीच्या वेफरमध्ये दूधही नसतं आणि अंडंही नसतं, म्हणून भजनी मंडळात कोणी हात मागे घेणार नाही. सुपरमार्केटात मोठा गठ्ठा घे, पर्यटकांच्या दुकानात घेऊ नकोस. भाच्यांसाठी जेलीच्या गोळ्या नको, त्यांत बहुधा डुकराचं जिलेटिन असतं. मोझार्टच्या चित्राच्या चॉकलेट गोळ्या सगळीकडे दिसतील. मूळ कृतीच्या, निळ्या-चंदेरी कागदातल्या, पॉल फ्युर्स्ट यांनी १८९० साली केलेल्या गोळ्या साल्झबुर्गच्या आहेत. तिथे जाणार असाल तर तिथेच घ्या.

त्या मुलींना खरं आवडेल ते बर्फाचा गोळा. काचेच्या गोळ्यात चर्च, हलवलं की आत बर्फ पडतो. तो याच शहरात जन्मला. एर्विन पेर्झी हे शस्त्रक्रियेची उपकरणं बनवणारे कारागीर, दिव्याचा उजेड वाढवण्याचे प्रयोग करता करता १९०० च्या सुमारास त्यांच्या हातून हा गोळा घडला. हर्नाल्स भागात त्यांच्याच घराण्याची कार्यशाळा आणि छोटं संग्रहालय आहे. मुलींना ती गोष्ट सांगता येईल, हे मला सगळ्यात आवडतं. पण लक्षात ठेव, आत पाणी असतं. हातातल्या बॅगेत ठेवलास तर विमानतळावर काढून घेतील. टॉवेलात गुंडाळून मोठ्या बॅगेत. हेच भोपळ्याच्या बियांच्या तेलाचं. दक्षिणेकडच्या स्टायरियाचं ते गडद हिरवं तेल, आपल्या कोशिंबिरीवर वरून घातलं की अप्रतिम लागतं. जाऊबाईंना परफ्यूमऐवजी ती एक बाटली दे.

आणि स्वतःसाठी एक वस्तू घे. हा माझा आग्रह आहे. केर्न्टनर रस्त्यावर लोबमायर हे १८२३ सालचं काचसामानाचं दुकान आहे. वर जाऊन त्यांच्या जुन्या काचा बघायला काही लागत नाही. १७१८ साली सुरू झालेल्या परंपरेतल्या आउगार्टेनच्या चिनी मातीच्या कारखान्यातला रंगवलेला एखादा कप बघ. महाग आहेत, हो. जमलं नाही तर जुन्या बाजारातला दोन युरोचा चांगला कप घे. पण तो तुझा असू दे, रोज सकाळी तू त्यातून चहा घे, शोकेसमध्ये ठेवू नकोस.

मोठं काही घेतलंस, म्हणजे एकाच दुकानात एका पावतीवर पंचाहत्तर युरोपेक्षा जास्त, तर पैसे देतानाच पासपोर्ट दाखवून टॅक्स रिफंडचा फॉर्म माग. इथे बहुतेक वस्तूंवर वीस टक्के कर असतो. मधल्या कंपनीचा वाटा जाऊन हातात त्याहून बरेच कमी येतात, तरी सोडण्यासारखे नाहीत. वस्तू मोठ्या बॅगेत असेल तर बॅग आत देण्याआधी कस्टम्सचा शिक्का घ्यायचा, कारण अधिकारी वस्तू बघायला मागू शकतात. त्यासाठी विमानतळावर तासभर आधी पोहोच. आणि कपडे किंवा चपला घेताना ‘परत घेता का’ हे आधी विचार. केवळ मन बदललं म्हणून दुकानाला वस्तू परत घेण्याची सक्ती नाही.

राहिला रविवार, दुकानं बंद तो दिवस. माझ्या मते तो तुमच्या सहलीतला सगळ्यात चांगला दिवस होईल. दुपारी डी नंबरची ट्राम पकडून नुसडॉर्फला जा, शेवटच्या थांब्यापर्यंत. शहराच्या कडेलाच द्राक्षांचे मळे सुरू होतात. १७८४ साली सम्राट योझेफ दुसरा याने मळेवाल्यांना आपलं घरचं पेय आणि अन्न आपल्याच अंगणात विकायची परवानगी दिली, तेव्हापासूनच्या या जागा, त्यांना हॉयरिगर म्हणतात. दारावर पाइनची डहाळी टांगलेली असली की समजायचं, आज उघडं आहे. अंगणात लाकडी बाकं, अनोळखी माणसांच्या शेजारी बसायचं. खाणं आतल्या काउंटरवरून आपण आणायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. पेय टेबलावर येतं, त्याचे पैसे शेवटी. तुम्ही वाइन घेत नसाल तर द्राक्षांचा रस माग, मळ्याचाच असतो. सासूबाईंना काळा पाव, लोणचं, चीज, आणि पॅप्रिका-कांदा घातलेलं लिप्टाउअर नावाचं लालसर चीजचं वाटण. त्यात कधी कधी मासा घालतात, म्हणून डी अक्षर विचार. घाई कोणालाच नसते. उजेड रात्री साडेआठपर्यंत असतो.

फक्त एक, ही अंगणं वर्षभर उघडी नसतात, आळीपाळीने काही आठवडे उघडतात. तुमच्या तारखा नक्की झाल्या की लगेच कळव, म्हणजे त्या रविवारी नुसडॉर्फमधलं कोणतं उघडं आहे ते बघून मी चौघांचं टेबल सांगून ठेवते. मीही येणार आहे.